बेटावरची ओटी

मानसिंग आमच्या शेजारचा. नसरापूरच्या चौकात त्याचं फरशांचं दुकान आहे, आणि लोकांच्या न्हाणीघरात गुळगुळीत फरशी बसवता बसवता तो स्वतःच इतका गुळगुळीत झाला आहे की त्याच्यावर कुणाची माया ठरत नाही. भाटघरला त्याचं घर धरणाच्या पाण्याला तोंड करून आहे. सकाळी दार उघडलं की कोसभर पाणी, पलीकडं डोंगर, वर उन्हाची पहिली तिरीप. त्या पाण्याकडं पाठ करून मोबाईल बघत बसलेला मानसिंगच मी आजवर पाहिला. अशा माणसाला दिवाळी सरल्यावर पाणी बघायला जायची हुक्की आली.

पण ते मला नंतर कळलं. आधी आली ती त्याची आई, कोंडाबाई. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. देवळात कीर्तन असलं की उजव्या खांबाला टेकून बसायची तिची जागा ठरलेली, आणि बुवांनी एखादी चाल चढवली की टाळ धरणाऱ्या माझ्यासारख्याच्या आधी तिची मान डोलते. त्या दिवशी ती काठी टेकत आमच्या ओट्यावर आली, आमच्या मंडळींच्या, म्हणजे चंद्राबाईच्या, शेजारी बसली आणि नुसतीच हसायला लागली. चंद्राबाईनं विचारलं, काय झालं. तर म्हणाली, "मानसिंग मला बेटावर न्हेतोय."

आमच्याकडं बेट म्हणजे कळकाचं बेट. बांबूची दाट जाळी. आणि आक्काच्या तोंडी बेट म्हणजे एकच. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला तिच्या माहेरची वाडी आहे, वाडीच्या माथ्यावर कळकाचं थोरलं बेट आणि त्यात शेंदूर लावलेली वाघजाई. माहेरवाशिणीनं भातं निघाली की नव्या तांदळानं तिची ओटी भरायची आणि मग घरात नवा भात तोंडात घालायचा, हा त्या वाडीचा रिवाज. आक्काचा भाऊ वारला, भावजय पोरांकडं मुंबईला गेली, हिचे गुडघे गेले. त्याला अकरा वर्षं झाली. दर सालाला ती लेकाला म्हणायची, एकदा ने. लेक म्हणायचा, बघू. ओटी भरली नाही म्हणून अकरा वर्षं तिनं नवा तांदूळ खाल्ला नव्हता. घरच्या खाचरातला भात दारात कांडून यायचा आणि ही आपली डब्याच्या तळातला जुना तांदूळ वेगळा शिजवायची. सून सोनिया बायकांना सांगायची, आमच्या आईंना जुना तांदूळच पचतो.

म्हणून ती हसत होती. चंद्राबाईनं ट्रंक उघडून एक हिरवा खण काढून दिला. आणि मी त्या संध्याकाळी देवळाच्या पायरीवर चार माणसांत मानसिंगची स्तुती केली. म्हणालो, पोरगं वरून कसंही दिसलं तरी आत ओलावा आहे. हे शब्द मी माझ्याच तोंडानं बोललो, ते आठवलं की अजून चूळ भरावीशी वाटते.

रविवारी मानसिंगनं मला हाक मारून बोलावलं. मी पाटबंधाऱ्याच्या नोकरीतून निवृत्त झालेला, कागद भरायचा म्हटला की गाव माझ्याकडं बघतं. ओट्यावर टेबल मांडलेलं. मानसिंगच्या अंगात माडांची चित्रं असलेला सदरा. प्रवासाला महिना अवकाश होता, पण त्याला सवय करून घ्यायची होती. सोनियानं तसल्याच कापडाचा झगा मागवला होता आणि तो कुठल्या दिवशी कुठल्या फोटोत घालायचा याची यादी केली होती. फोटो आधी ठरले होते, जागा नंतर बघणार होते.

टेबलावर प्रवास कंपनीचं रंगीत पत्रक होतं. अंदमानच्या एका निसर्गरम्य बेटावर तीन रात्री, चार दिवस. मानसिंगनं मला ते वाचून दाखवलं, जणू मला अक्षर येत नाही. राहायला समुद्रकाठी झोपडी. कळकाच्या भिंती, वर झावळ्यांचं छप्पर, जमीन मातीची, चालायला अनवाणी. मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. त्याच्या बापानं राखलेलं कळकाच्या कुडाचं घर यानंच पाच वर्षांपूर्वी पाडलं होतं. लाज वाटते म्हणाला होता. आता तसल्याच कुडात झोपायला विमानानं निघाला होता. शिवाय दोन माडांना बांधलेली झोळी. ओसरीच्या आढ्याला टांगलेल्या झोळीत हा वाढला, ती झोळी यानं जुनेरं म्हणून बोहारणीला दिली. आणि पत्रकात खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, अमर्याद शांतता. मानसिंगनं त्या ओळीवर बोट ठेवून मला सांगितलं की तात्या, हे आपल्याकडं मिळत नाही. तो थांबला तेव्हा धरणावरून एक बगळा गेला, त्याच्या पंखांचा आवाज मला ऐकू आला.

ते सगळं मी गिळलं असतं. येडेपणा हा काही गुन्हा नाही. पण कागदावर पाचवं नाव कोंडाबाईचं होतं, आणि तिचं आधार कार्ड पत्रकावर ठेवलेलं होतं.

मी विचारलं, आक्काला काय सांगितलंयस. मानसिंग खुर्ची पुढं ओढून हळू आवाजात म्हणाला, "निस्तं बेटावर न्हेतो म्हणलो. लगीच तयार झाली, डोळ्यात पानी आलं तिच्या. इमानाचं मुद्दाम बोललो न्हाई, भ्याली तर पोरांना कोन बगनार? आमी दोगं पान्याखाली मासं बगाया जानार, एक दिस वाळूत जेवान हाय, जोडप्यांचंच." मग तो हसला. त्याला आपली हुशारी आवडली होती. आमच्या बुवांनी एकदा कीर्तनात सांगितलं होतं, देवाला फसवायला अक्कल लागते, आईला फसवायला तीही लागत नाही. तेव्हा सगळे हसले होते. मीही हसलो होतो.

मी तोंड उघडणार तोच आक्का आतून आली. हातात पिशवी. तिनं ती टेबलावर त्या पत्रकाशेजारीच उघडली. हिरवा खण, नारळ, हळकुंड, सुपारी, आणि फडक्यात बांधलेला नवा तांदूळ. तिनं मानसिंगला विचारलं, वेल्ह्याच्या पुढं वाडीपर्यंत आता जीप जाते का चालावं लागेल. चालावं लागलं तर ती आजपासून जिना चढून पाय मोकळे करणार होती.

सोनिया आधी हसली. मग मानसिंग. सोनियानं सांगितलं, आई, वेल्ह्याला कोण चाललंय, आपण अंदमानला चाललोय, विमानानं, समुद्रातल्या बेटावर. तिला हे इतकं गमतीचं वाटलं की तिनं लगेच मोबाईल काढून बहिणीला कळवायला घेतलं.

आक्काला कळायला थोडा वेळ लागला. तिनं विचारलं, त्या बेटावर कुठली देवी आहे. थोरली नात प्रगती तेवढी खरं बोलायच्या वयाची, ती म्हणाली की देवी नाही, आजीनं तिथं आम्हाला सांभाळायचंय, मम्मी-पप्पांचं जेवण वेगळं आहे.

मला राहवलं नाही. मी मानसिंगला म्हणालो की बाबा, तुझं जावळ वाघजाईच्या बेटावर काढलंय, मी होतो तिथं, तू रडून डोंगर उठवला होतास. तो म्हणाला, "तात्या, मी वर्साचा व्हतो, मला काय आटवनार? आनि आल्यावर न्हेतो की तिला. बेट काय पळून चाललंय?"

"बेट न्हाई पळत," आक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तू बेटाचं नाव काडलंस, मला वाटलं माज्या लेकाला आटवलं. चार दिस लई सुकाचं गेलं बग. तेवडंच तुजं देनं समज."

तिनं खण घडी घातला, नारळ पिशवीत ठेवला, आणि पत्रकावरचं आपलं आधार कार्ड उचलून तेही तांदळाच्या फडक्याशेजारी टाकलं. सोनिया म्हणाली, अहो आई, कार्ड लागेल तिकिटाला. आक्का आत गेली.

पुढचे दिवस मानसिंगनं तिला बरंच समजावलं. समुद्राच्या पाण्यानं गुडघे बरे होतात असं सांगितलं. कार्ड हरवलं म्हणून दुसरं काढता येतं का, हे मला येऊन विचारलं. मी सांगितलं, येतं, पण त्यावरही अंगठा तिचाच लागतो. मग त्यानं सासूला विचारलं. तिला लेकीचे फोटो काढण्यातली दमणूक ठाऊक असावी. तिनं कंबर दुखते म्हणून कळवलं. शेवटी पोरांना बरोबर घेऊन चौघंच गेले. जाताना गाडीत बसलेला मानसिंग त्या माडांच्या सदऱ्यात असा दिसत होता, जसा लग्नात चुकून दुसऱ्या वरातीत शिरलेला माणूस. आक्का दारात उभी होती. तिनं पोरांच्याच हातावर साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी आणि चंद्राबाई तिला घेऊन निघालो. उत्रोलीला त्या दिवशी एका चांगल्या बुवांचं कीर्तन होतं, मी टाळ घेऊन यायचं कबूल केलं होतं. नाही गेलो. नसरापूरला वेल्ह्याची एसटी मिळाली. वेल्ह्याहून जीपवाल्यानं वाडीच्या खाली सोडलं. तिथून चढ.

तो चढ तरण्या माणसाला पाऊण तासाचा. आक्कानं पहिल्या वळणावरच धोंड्यावर बसकण मारली. मला वाटलं, संपलं, आता परत. पण चंद्राबाईनं बारीक आवाजात विठ्ठल विठ्ठल सुरू केलं, आणि आक्कानं मान हलवली, तशीच, देवळातल्या खांबापाशी हलवते तशी. मी हातानंच टाळी धरली. ठाय लयीत एका नावाला एक पाऊल. मग थांबायचं. मग पुन्हा. तिला चाल आवडत होती म्हणून तिचे पाय निघत होते. मी एकदाही लय वाढवली नाही. दुपार टळायला लागली तेव्हा कळकांची करकर ऐकू आली.

बेट तेवढंच होतं. वाघजाईवर सुक्या पानांचा ढीग साचला होता, कुणी आलं नव्हतं बरेच दिवस. आक्कानं तो हातानं काढला. खाली बसता येईना, म्हणून चंद्राबाईनं मागून धरलं आणि तिनं अर्धवट वाकून खण पसरला, त्यावर नारळ ठेवला, तांदळाच्या ओंजळी घातल्या. पाच झाल्या, तरी ती घालतच होती. फडकं रिकामं झालं तेव्हा थांबली.

मी बाजूला सरलो. अकरा वर्षांचं बोलणं साठलं असेल, आपण ऐकू नये. पण तिला जरा कमी ऐकू येतं, त्यामुळं तिचं पुटपुटणं मोठ्यानं असतं. मला वाटलं, आता लेकाचं गाऱ्हाणं सांगेल. सांगण्यासारखं होतंही. मी असतो तर सगळं सांगितलं असतं, सदऱ्यासकट.

तिनं शेंदराचं बोट कपाळाला लावलं आणि म्हणाली, "आये, त्यो तिकडं पान्यात उतरनार हाय. त्याला पवता येत न्हाई. तेवडं बग."