कापेल त्याने शेवटी घ्यायचं

आमच्या आईचा नियम होता: जो कापेल त्याने शेवटी घ्यायचं. थोरली म्हणून सुरी कायम माझ्या हातात, आणि सगळ्यात लहान तुकडाही माझाच.

आज आमच्या शिवणकारखान्यात सहा नवी मशिनं आली. खोकी मी फोडली, तेल मी घातलं आणि मूर्खासारखी बाजूला होऊन बायकांना म्हणाले, "घ्या, निवडा." सहाच्या सहा गेली. मला उरलं ते जुनं, घडीघडी दोरा तोडणारं. खिडकीजवळचं झकास मशीन कोणी पटकावलं? माझ्याच सख्ख्या धाकट्या बहिणीने!

माझं डोकंच फिरलं. "लाज नाही वाटत? जन्मभर उरलंसुरलं मीच घ्यायचं का?"

ती सुई ओवायची थांबली. "अगं ताई, मला वाटायचं, तुला लहान तुकडाच आवडतो. तू कधी बोललीच नाहीस."

"आज बोलतेय. ऊठ!"

ती निमूट उठून जुन्या मशिनवर जाऊन बसली. दोन टाके घातले, दोरा तुटला. आणि मी, नवं मशीन सोडून, स्वतःलाच शिव्या घालत, तिच्या मशिनला तेल घालायला वाकले.