पोहायचं विचारलं म्हणून

भिवंडीच्या दवाखान्यातून घरी सोडायच्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना एकच गोष्ट विचारली. "मॅडम, पोहायला कधी जाता येईल?"

झालं! सिस्टर हसायलाच लागल्या. "अरे, इसको तैरना है!" शेजारच्या खाटेवरची बाईही हसली. माझा नवरा भूपेश तर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, जशी काही मी त्याची अब्रूच काढली. मी अंजूरची, खाडीच्या काठावर वाढलेली. बाबांनी सहाव्या वर्षी पोहायला शिकवलं. विचारलं तर काय चुकलं?

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सीझर झालंय तुझं. निदान सहा आठवडे तरी नाही. रक्त जायचं पूर्ण थांबू दे, जखम भरून कोरडी होऊ दे, मी तपासेन, मगच पाण्यात उतर. आणि तोवर बाळापेक्षा जड काहीही उचलायचं नाही." सासूबाई आणि भूपेश, दोघांनी सगळं ऐकलं. खारबावला घरी पोचलं ते फक्त पोहण्याचं.

सासूबाईंनी ते दारोदार सांगितलं. "आमच्या सुनेला पोवायचं हाय म्हनं!" माझी आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच होतं. ऐकून घेण्यावाचून इलाज नव्हता. मी मागच्या दाराशी नुसती उभी राहिले तरी विचारणा व्हायची, कुठे चाललीस? एवढी राखण, पण ती फक्त पोहण्यापासून.

सोळाव्या दिवशी सकाळी नळ आला. भूपेश गोडाऊनची रात्रपाळी करून झोपला होता. सासूबाई म्हणाल्या, "रीमा, दोन हंडं त हायत. इतकं दिस मी भरलं, आता माझं गुडघं चालत न्हाय. त्याला उठवू नको, दमलाय."

"आई, डॉक्टरांनी नाही सांगितलंय."

"त्यांनी पोवायचं न्हाय सांगितलंय. पानी भरायचं कुठं न्हाय सांगितलं?"

भरलं मी. मूर्खपणा माझाच. भांडायचं त्राण अंगात नव्हतं, म्हणून भरलं. चार दिवस, रोज दोन हंडे. पाचव्या दिवशी टाक्यांची एक कड उकलली, गाऊन ओला झाला आणि ताप चढला.

बाळाला घेऊन तिघं रिक्षाने भिवंडीला गेलो. जखम बघताच डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "काय केलंस हे?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई बोलल्या. "तरी मी सांगत व्हते! पोवायचं येड हिला. गेली असंल डोळा चुकवून."

आणि भूपेश? ज्याच्या आंघोळीला त्याच हंड्यांतलं पाणी गेलं, तो म्हणाला, "काय माहीत मॅडम. मी ड्युटीवर असतो."

अंगाची लाही लाही झाली माझ्या. जखमेपेक्षा ते वाक्य जास्त झोंबलं. "मॅडम, मी पाण्यात पायसुद्धा घातलेला नाही. हंडे उचललेत. आठ! आणि हे दोघं घरात होते."

डॉक्टरीणबाईंनी भूपेशला समोर उभं केलं. "तुम्हाला सांगितलं होतं ना? आता जखम भरेपर्यंत रोज ड्रेसिंग. ओझं अजिबात नाही. नाहीतर पुन्हा टाके घालावे लागतील."

भूपेश विचारात पडला. मला वाटलं, आता तरी लाज वाटली असेल. तर तो म्हणतो, "मग मॅडम, पाणी कोण भरणार?"

ड्रेसिंग होताच मी बाळाला उचललं आणि बाहेर येऊन रिक्षात बसले. रिक्षावाल्याला म्हटलं, "अंजूर." आई गेल्यापासून आमच्याकडे बाबाच पाणी भरतात, भांडीही घासतात. त्यांचं त्यात काही झिजलेलं नाही.

"अगं, लोकं काय म्हनतील?" सासूबाई मागून आल्या.

"जे म्हणायचं ते म्हणू देत. ड्रेसिंगला मी बाबांबरोबर येईन."

भूपेशने रिक्षाचा दांडा धरला. माफी मागेल, निदान बाळाच्या गालाला हात लावेल, असं एक क्षण वाटलं मला. काय करणार, नवरा आहे शेवटी.

"रीमा," तो हळूच म्हणाला, "नळ किती वाजता येतो गं?"

तीन वर्षं झाली लग्नाला. मी रिक्षावाल्याला म्हटलं, "चलो भाई."