बोगद्यातली बकरी

मित्रांनो, मी एक जुनी सीडी आहे. माझ्या बहुतेक बहिणी आज खोक्यांत पडून आहेत, तर काहींना पाखरांना भिववण्यासाठी चेरीच्या झाडाला टांगण्यात आले आहे. मी मात्र एका नव्याकोऱ्या विजेच्या मोटारीच्या पोटात, वारा फेकणाऱ्या पंख्यापासून दोन बोटांच्या अंतरावर आडवी पडून आहे. या जागी कोणत्याही सीडीने असू नये. तथापि मी येथे आहे, आणि सुखात आहे. हे कसे घडले, ते मी आपणांस यथाक्रम सांगते.

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील त्वेरविक गावाच्या अकॉर्डियन मंडळाने मला जन्मास घातले. मंडळात नऊ वादक होते. एका शनिवारी शाळेच्या व्यायामशाळेत बसून त्यांनी बारा गाणी वाजवली. त्या बारा गाण्यांपासून आम्ही तीनशे बहिणी उत्पन्न झालो. तीनशे पुरणार नाहीत, अशी चिंता मंडळाच्या नायकास रात्रंदिवस लागली होती. त्यांपैकी दोनशे चाळीस आजही त्याच्या होडीघरात जाळ्यांच्या खाली वाट पाहत आहेत.

मला हालवारने घरी नेले. हालवार हा मंडळातील दुसरा अकॉर्डियनवादक, आणि पोटापाण्यासाठी खाडी ओलांडणाऱ्या फेरीबोटीवर इंजिन सांभाळणारा गृहस्थ होता. माझ्या चौथ्या गाण्यात, वॉल्ट्झ या नाचाच्या धुनेतील अत्यंत हळुवार जागी, त्याचे बोट घसरले आणि भात्यातून 'बेंऽऽऽ' असा आवाज निघाला. तो कोणाच्याही लक्षात येणार नाही, असे नायकाने त्यास आश्वासन दिले होते. परंतु हालवारची पत्नी बोर्गहिल हिने मला प्रथमच ऐकताना विणकाम खाली ठेवले.

"हालवार, मंडळात बकरी कधी घेतलीत?"

"कुठली बकरी?"

"चौथ्या गाण्यातली. तुझ्याच बाजूनं ओरडली."

त्या दिवसापासून माझ्या त्या दोषास बकरी हे नाव पडले. मित्रांनो, माझ्या अंगावरील अकरा गाणी निर्दोष आहेत. परंतु मी प्रिय झाले ती त्या एका चुकीमुळे, हे मला नम्रपणे नमूद केले पाहिजे.

पुढे सरकारने खाडीच्या तळाखालून आठ किलोमीटर लांबीचा बोगदा खणला आणि फेरीबोट बंद केली. हालवार निवृत्त झाला व त्याने बोगद्याला क्षमा केली. बोर्गहिलने केली नाही. वादळात बोटीवर उभी राहून वॉफल खाणारी ही धीट स्त्री बोगद्याच्या तोंडाशी येताच दाराची मूठ गच्च धरून डोळे मिटत असे.

"वर मासे पोहतायत, हालवार, आणि आपण त्यांच्या खाली! ही काय माणसांची जागा आहे?"

पण पलीकडे ओस्नेस गावी तिची थोरली बहीण ओलाउग राहत असे, आणि दर दुसऱ्या रविवारी तिच्याकडे गेल्यावाचून बोर्गहिलला चैन पडत नसे. तेव्हा या संकटातून मार्ग मी काढला. बोगद्याच्या तोंडाशी हालवार माझे तिसरे गाणे लावी आणि गाडीचा वेग बरोबर साठावर ठेवी. मागे मालट्रकांची रांग लागून भोंगे वाजू लागले तरी तो एकसष्टवर जात नसे. कारण साठच्या वेगाने गेल्यास, रस्ता जेथे सर्वांत खोल उतरतो, ठीक तेथे चौथ्या गाण्यातील बकरी ओरडत असे. बोर्गहिल डोळे मिटलेल्या अवस्थेतच हसत असे.

"आली बघ तुझी बकरी!"

"आली. आता चढ."

आणि पाचवे गाणे संपता संपता समोर उजेड दिसे. अशी मी वीस वर्षे सेवा केली. माझ्यावर कॉफी सांडली, जांभळाचा मुरंबा लागला, हालवारने मला प्रत्येक वेळी आपल्या लोकरी स्वेटरने पुसले, त्यामुळे मला पुष्कळ ओरखडे आले. परंतु मी एकदाही अडखळले नाही. गाडी मात्र अडखळली. गेल्या शरद ऋतूत तपासणी केंद्रातील माणसाने तिच्याखाली वाकून पाहिले, तो उभा राहिला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली. हालवार काय ते समजला.

नवी मोटार यावयास हिवाळा उलटला. तेवढ्या काळात ओलाउगच्या कमरेच्या हाडावर शस्त्रक्रिया झाली व तिचे प्रवास थांबले. डोंगरावरून जाणारा दुसरा रस्ता बर्फामुळे मे महिन्यापर्यंत बंद होता. बसही त्याच बोगद्यातून जाते, आणि बसमध्ये बकरी नसते. पाच महिने दोघी बहिणींची भेट नव्हती. एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी ओलाउगचा पंच्याऐंशीवा वाढदिवस होता, आणि बोर्गहिलने तिला फोनवर शब्द दिला होता.

मोटार आली. ती आवाज करीत नव्हती, धूर सोडत नव्हती, आणि तिच्या पुढच्या भागात जेवणाच्या ताटाएवढा पडदा होता. हालवारने मला हाती घेऊन विक्रेत्यास विनयपूर्वक विचारले, "हिला कुठे ठेवायचं?"

"आठवण म्हणून घरी ठेवा, काका," विक्रेता म्हणाला. "आता गाणी हवेतून येतात."

हालवारने तीस वर्षे इंजिने उघडली होती. हवेतून फक्त पाऊस येतो, अशी त्याची पक्की समजूत होती. घरी आल्यावर त्याने चष्मा लावला, पडद्याच्या खाली बोट फिरवले आणि त्यास एक बारीक, सरळ, सुंदर फट सापडली.

"ही काय! त्या पोराला स्वतःचीच गाडी माहीत नाही."

त्याने मला त्या फटीवर टेकवले आणि ढकलले. मित्रांनो, जुन्या गाडीत कोणीतरी मला आतून अलगद ओढून घेई. येथे कोणीही ओढले नाही. मी आपली घसरत गेले, एका तारेवरून गडगडले आणि अंधारात एका नळीवर जाऊन पडले.

बाहेरून बोर्गहिलचा आवाज आला. "गेली का?"

"गेली."

"मग वाजत का नाही?"

"विचार करत असेल. नवीन गाडी आहे."

दोघांनी दहा मिनिटे अदबीने वाट पाहिली. त्यानंतर हालवारने विक्रेत्यास फोन केला.

"कुठली फट?" विक्रेत्याने विचारले.

"पडद्याखालची."

"काका, ती फट नाही. तिथे दोन भाग जुळतात."

"ते नीट जुळलेले नाहीत," हालवार करारी स्वरात म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. मला बाहेर काढण्यासाठी अर्धी गाडी उकलावी लागेल व तीन आठवडे थांबावे लागेल, असे कार्यशाळेतून कळले. वाढदिवसाला तर नऊच दिवस उरले होते.

तेव्हा हालवारने हवेवर विश्वास ठेवण्याचे ठरवले. मंडळाची गाणी कोणीतरी त्या हवेत सोडलेली होतीच. त्याने आपला फोन मोटारीशी जोडून घेतला आणि गुरुवारी दोघे बोगद्याची चाचणी घेण्यास निघाले. माझे तिसरे गाणे सुरू झाले. मी नळीवर पडल्या पडल्या ते ऐकले आणि, खरे सांगते, मत्सराने माझे अंग तापले. माझ्यावाचून माझेच गाणे! परंतु बोगद्यात एक किलोमीटर गेल्यावर गाणे मध्येच तुटले. पडद्यावर एक लहानसे चक्र गरगरत राहिले.

"काय झालं?" बोर्गहिलने डोळे न उघडता विचारले.

"इथे येत नाहीये ते."

"हवेतून येतात म्हणाला ना तो? इथे हवा आहे का, हालवार? वर पाणी आहे!"

"अगं, थांब जरा—"

"वळव."

"बोर्गहिल—"

"गाडी वळव!"

मालट्रकांसाठी ठेवलेल्या खाचेत हालवारने गाडी वळवली. अंगणात गाडी उभी राहिल्यावर बोर्गहिल हलक्या आवाजात म्हणाली, "ताईला कळव, मला ताप आलाय म्हणून."

हालवारने ओलाउगला फोन केला. त्याला लबाडी येत नसल्यामुळे ताप कितीचा, या पहिल्याच प्रश्नाला तो गडबडला व सर्व हकिकत सांगून मोकळा झाला.

"फटीत घातलीस?" ओलाउग म्हणाली. "अरे, इंजिनवाला ना तू?"

"फट होती, ताई."

"उद्या दाराला फट दिसली तर जेवण घालशील तिच्यात. ऐक. तुमच्या मंडळाची एक सीडी माझ्याकडे आहे. लग्नाच्या वाढदिवसाला तूच दिली होतीस, दुसरं काही सुचलं नव्हतं म्हणून. वाचनालयात मंगळवारी संगणक शिकवतात. तिथे मी ती बारीक काडीवर, म्हणजे पेनड्राइव्हवर, उतरवून घेते आणि बसच्या चालकाकडे देते. काडी गाडीत खोचायची. फटीत नाही, भोकात. भोक चौकोनी असतं. कळलं?"

"कळलं, ताई."

"बोर्गहिलला दे फोन." बोर्गहिलने तो घेतला, तेव्हा ओलाउगचा आवाज उतरला. "केक मी तुझ्यासाठी सांगितलाय गं. मला क्रीम पचत नाही आता."

वाढदिवसाच्या दिवशी सकाळच्या बसने ती काडी आली. ती माणसाच्या नखाएवढी होती, आणि तिच्यात ओस्नेसच्या माझ्या सख्ख्या बहिणीची बारा गाणी, म्हणजे माझीच बारा गाणी, मावली होती. माझा अभिमान त्या वेळी गळून पडला. हालवारने चौकोनी भोक शोधले. बोर्गहिल नवा फुलाफुलांचा रुमाल गळ्यात बांधून शेजारी बसली. बोगद्याच्या तोंडाशी हालवारने पडद्यावर बोट टेकवले, आणि दोघे पडद्याकडे पाहतच राहिले. वाचनालयातील संगणकाने ओळखीचा घोळ घालून माझ्या बहिणीस व तिच्या गाण्यांस भलत्याच कोणाची तरी नावे देऊन टाकली होती. पडद्यावर अक्षरे उमटली: 'गरोदर मातांसाठी बारा व्यायाम'.

"हालवार," एकाहत्तर वर्षांची बोर्गहिल म्हणाली, "हे कोणासाठी आहे?"

"आवाज ऐक ना. आवाज आमचाच आहे."

आवाज खरोखर मंडळाचाच होता. परंतु त्या भलत्या नावांप्रमाणे मोटारीने गाण्यांची मुळाक्षरांनुसार रांग लावली होती, आणि सर्वांत पुढे आले ते 'आरामात बसा'. म्हणजेच माझा वॉल्ट्झ. गाडी जेमतेम उतरणीला लागली, तोच बकरी ओरडली.

बोर्गहिल हसली नाही. तिने डोळे उघडले.

"झाली पण? हालवार, आत्ताच आलो आपण! ती खाली असते."

"हो. जरा लवकर आली."

"मग खाली काय आहे?"

गाणे बदलले. पडद्यावर आले: 'कळ आली तरी घाबरू नका'. बोर्गहिलने दाराची मूठ धरली. तिचा श्वास जोराने चालू लागला आणि त्या श्वासाने समोरची काच धुरकटली. वळण्याची खाच मागे गेली होती. मागे मालट्रक होता.

"परत फिरायचं का?" हालवारने विचारले. मी त्याचा आवाज इतका लहान कधी ऐकला नव्हता.

"फिरता येत नाही ना आता?"

"नाही."

"मग विचारतोस कशाला!"

काच पुसण्यासाठी हालवारने पंखा पूर्ण सोडला. माझ्या शेजारी वारे घोंघावू लागले. गाडी तळाशी पोहोचली, तिचे नाक वर उचलले गेले, आणि मी नळीवरून सुटले. मागे घसरत, तारेवरून गडगडत जाऊन माझी कड त्या फिरत्या पंख्याच्या पात्यांना टेकली.

"बेंऽऽऽऽ!"

मित्रांनो, मी कसलेही ढोंग करणार नाही. ते संगीत नव्हते. परंतु तो आवाज मोठा होता, निर्लज्ज होता, आणि ठीक बोगद्याच्या सर्वांत खोल जागी निघाला होता.

मग बोर्गहिल हसली. प्रथम नाकातून, नंतर तोंडातून, आणि शेवटी तिला गळ्यातील रुमाल काढून डोळे पुसावे लागले.

"हालवार! ती आत जिवंत आहे!"

"पंखा बंद करू का?"

"हात लावशील तर खबरदार!"

चढ संपेपर्यंत मी ओरडत राहिले. मागे मंडळ 'खोल श्वास घ्या' हे गाणे वाजवीत होते, आणि बोर्गहिल खरोखर खोल श्वास घेत होती. समोर उजेड आला. ओस्नेसला एका लाल घरासमोर वाढदिवसाचा झेंडा फडकत होता, आणि ओलाउग काठी टेकून फाटकाशीच उभी होती.

"ताप उतरला का?" तिने विचारले.

"चल आत, ताई," बोर्गहिल म्हणाली आणि तिने बहिणीला असे धरले की काठी बर्फात पडली. ती हालवारने उचलली.

पुढे तीन आठवड्यांनी कार्यशाळेत आमची पाळी आली. तेथील बाईंनी अंदाज घेऊन सांगितले की, मला काढता येईल, परंतु माझी कड पुरती झिजली असल्याने मी पुन्हा कोठेही वाजणार नाही. हालवारने पत्नीकडे पाहिले.

"राहू दे तिला तिथेच," बोर्गहिल म्हणाली. "जिथे वाजायचं तिथे वाजते ती."

ओलाउगने काडीवरील गाण्यांना एक ते बारा आकडे घातले आहेत, त्यामुळे ती आता आपापल्या जागी लागतात आणि काडीतील बकरीही तळाशीच ओरडते. तरीसुद्धा चढ लागताच हालवार न विसरता पंखा पूर्ण सोडतो, आणि माझी बहीण व मी लागोपाठ हजेरी देतो. आम्हा दोघींत आता वैर उरलेले नाही.

मित्रांनो, माझी आपणांस एवढीच विनंती आहे. कोणतीही वस्तू कोणत्याही फटीत ढकलण्यापूर्वी आत तिला घेणारे कोणी आहे का, ते पाहा. आणि घरातील एखादी जुनी सीडी पाखरांसाठी झाडाला टांगण्याआधी ती कोणाला कोठून पार नेत असे, एवढे घरच्यांना एकदा विचारा. उद्या रविवार आहे. सकाळी अकराला मला बोगद्यात जायचे आहे.