शेवटच्या फेरीची घंटा

"त्या कापडाला हात लावू नको म्हटलं की गं," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

तिथून हॉल दिसत नव्हता. पण चामराजपेटच्या या लहानशा घरात कोण कुठे उभं आहे, हे तिला, राजलक्ष्मीबाईंना, न बघताच कळत असे. आश्लेषाने टीव्हीवर घातलेल्या पंच्याचं टोक सोडून दिलं.

पंचा अप्पांचा होता. मे महिन्यात अप्पा गेले. तेराव्यानंतर आईने तो धुऊन, घडी मोडून टीव्हीवर घातला आणि सांगून टाकलं, की वर्षश्राद्ध होईपर्यंत या घरात टीव्ही लागणार नाही. पूजा सुरू झाली. दिवा लागू लागला, नैवेद्य दाखवला जाऊ लागला. घंटा मात्र आईने उचलली नाही. ती ताम्हनाच्या बाजूला तशीच होती आणि आरती मुक्याने व्हायची. याबद्दल आश्लेषाने एकदाही विचारलं नव्हतं. कोरमंगलाचा आपला फ्लॅट बंद करून ती आईजवळ येऊन राहिली होती खरी, पण सकाळच्या त्या मुक्या आरतीच्या वेळी ती गच्चीवर कपडे वाळत घालायला जाई.

"आई, आज टीव्हीवर जागतिक स्पर्धेतली दहा हजार मीटरची शर्यत आहे. बायकांची."

"असू दे की."

"अप्पा वर्षभर यासाठी थांबले होते."

आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला. "थांबले कुठे? गेले की."

आश्लेषा खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाहेर उजेड पातळ झाला होता. गेलं वर्षभर तिला दुपार आणि संध्याकाळ यांच्यातली सीमा नीट कळत नसे; दिवस पाण्यात पडलेल्या कागदांसारखे एकमेकांना चिकटले होते.

अप्पा म्हणजे हयवदनराव. विमानाच्या कारखान्यात स्टोअर्सचे कारकून. आयुष्यभर त्यांनी नटबोल्ट दिले आणि घेतले, आणि त्याबद्दल घरी कधी अवाक्षर काढलं नाही. बोलायचे ते मैदानाबद्दल. रविवारी पांढरा शर्ट, पांढरी टोपी घालून ते स्टेडियमवर पंच म्हणून जायचे. लांब पल्ल्याच्या शर्यतीत फेऱ्या मोजायच्या आणि शेवटची फेरी आली की घंटा वाजवायची, हे त्यांचं काम. एकदा शाळांच्या स्पर्धेत मैदानावरची घंटा सापडेना, तेव्हा अप्पा सायकल मारत घरी आले आणि देवघरातली घंटा उचलून घेऊन गेले. मुठीवर हनुमंत असलेली, नाजूक दिसणारी, पण नाद लांबवर जाणारी. त्या संध्याकाळी आईने त्यांना दारातच अडवलं. "पोरांच्या धुळीत फिरवून आणलेली घंटा देवाला चालायची न्हाई." तिथेच पायरीवर बसून तिने ती चिंचेने घासली आणि मगच आत नेली.

आई पुन्हा नेऊ नका म्हणाली नाही, त्यामुळे तो रिवाजच होऊन बसला. घंटा मैदानावर जायची, परत यायची, पायरीवर चिंचेने घासली जायची. लहानपणी आश्लेषाला वाटे, सगळ्यांच्याच घरातला देव रविवारी आपली घंटा उसनी देतो.

फाटकाची कडी वाजली.

"हयवदनऽऽ" अशी हाक येईल असं तिला क्षणभर वाटलं. इतकी वर्षं तशीच यायची. आज नुसता खोकला आला. येसाजीमामा उभे होते. तोंडावर मास्क, त्यावर आणखी एक मास्क, बगलेत घरून आणलेला प्लास्टिकचा स्टूल.

येसाजीराव म्हणजे अप्पांचे जोडीदार. ते स्टार्टर, पिस्तूल उडवायचे. त्या आवाजाने त्यांचे कान अधू झाले होते, म्हणून ते जगाशी ओरडून बोलत. अप्पा म्हणायचे, "येसाजी सुरू करतो, मी संपवतो. मधलं काय ते पळणाऱ्यांनी बघावं." अप्पांच्या वेळी येसाजीरावांना येता आलं नव्हतं. कुणालाच येता आलं नव्हतं. आई आणि आश्लेषा दोघी घरातच तापाने पडलेल्या. शेवटचं सगळं अनोळखी माणसांनी केलं आणि फोनवर दाखवलं. आश्लेषाने ते पाहिलं. आईने फोन हातात घेतला नाही.

"मामा, आत या ना."

"न्हाई गं तायी. वैनींचा नेम ठाऊक हाय मला." मग खिडकीच्या गजांतून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, "वैनीऽ! टीव्ही घरात लावायचा न्हाई, सरी, कबूल. मी व्हरांड्यात बसून बघालो तर घरात कोण बघालं?"

आई दारापर्यंत आली. ती वाळली होती. "ही वकिली कोर्टात करा, जावा. एवढं जग मरालंय आणि ह्यांना पळायचं सुचतंय. बंद करायचं की सगळं. लाज वाटायला हवी."

"गेल्या वर्षी बंदच केलतं की, वैनी. मी म्हणालो, बरं झालं. तर तुमचे मालक चिडले. म्हणाले, येसाजी, ज्या पोरींचं हेच वर्ष होतं त्यांनी काय करायचं? पाय काय लोणचं हाय, बरणीत घालून ठेवायला?"

आईने पदर खांद्यावर घट्ट घेतला. 

"आणि यंदाही थांबवलं असतं तर?" येसाजीराव आता हळू बोलले, म्हणजे साधारण माणसाइतकं. "आला असता तो परत?"

आई आत गेली. जाताजाता म्हणाली, "कॉफी स्वल्प कडक होईल. दूध कमी हाय."

एवढी परवानगी पुरेशी होती. आश्लेषाने पंचा काढून खांद्यावर टाकला, टीव्हीचं तोंड खिडकीकडे वळवलं, आवाज बंद ठेवला आणि स्वतःही बाहेर जाऊन पायरीवर उभी राहिली. आता घरात टीव्ही होता आणि बघणारे बाहेर. आतल्या अंधारात तो पडदा तळ्यासारखा दिसत होता.

स्टेडियम दिसलं आणि तिला धक्काच बसला. माणसं! भरून गेलेली माणसं. तपकिरी, हिरवी, पांढरी, वरपर्यंत. प्रेक्षक नाहीत असं सगळे सांगत होते, मग हे कोण? कॅमेरा जवळ गेला तेव्हा उलगडलं: खुर्च्याच होत्या. वेगवेगळ्या रंगांच्या, कशाही पेरलेल्या, दुरून माणसांसारख्या वाटणाऱ्या. ज्यांना यायचं होतं आणि येता आलं नाही, ते सगळे खुर्च्या होऊन बसले होते. उगीचच ती एखादी पांढरी टोपी शोधत राहिली.

पोरी पळू लागल्या. आवाज नसल्यामुळे त्यांचे पाय जमिनीला लागत नाहीत असं वाटत होतं. फेरीमागून फेरी, एकाच वळणावरून, झोपेत कुशी बदलावी तशा. येसाजीराव पुटपुटत फेऱ्या मोजत होते. ते अप्पांचं काम होतं. ते चुकत आणि पडद्यावरचा आकडा बघून स्वतःला शिवी देत. कॉफी आली. आईने दोन पेले खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले आणि ती टीव्हीच्या मागेच, देवघराच्या उंबऱ्याशी बसली. तिला पडदा दिसत नव्हता. तिला फक्त खिडकीतले हे दोन चेहरे दिसत होते, निळसर उजेडात.

"मागं कोण राहिलं?" थोड्या वेळाने आईने विचारलं.

आश्लेषाला वाटलं, आपल्याला भास झाला. हा प्रश्न अप्पांचा होता. पुढच्याकडे सगळं जग बघतंय, म्हणायचे, मागं कोण राहिलं ते सांग.

"एक पोरगी आहे. बारीकशी. निळ्या कपड्यांतली. पुढच्यांनी तिला गाठून फेरीभर मागे टाकलं."

"पळाली का सोडली?"

"पळतेय."

मग पुढच्या घोळक्यासाठी घंटा झाली. ती ऐकू आली नाही. एका माणसाचा हात हललेला दिसला, इतकंच. मास्क लावलेला, पांढऱ्या टोपीतला माणूस. येसाजीराव ओठ दाबून बसले. पुढच्या पोरी वाऱ्यासारख्या सुटल्या, रेषा ओलांडून कोसळल्या, झेंडे पाठीवर घेतले गेले. कॅमेरा त्यांच्याभोवती फिरत राहिला.

"तिची राहिली की अजून," आई म्हणाली.

"हो. पण आता दाखवत नाहीत तिला."

"म्हणजे?"

"जिंकलेल्यांनाच दाखवतायत, आई."

नियमाप्रमाणे घंटा फक्त पुढच्यासाठी. अप्पा ती वाजवायचेच. पण सगळे टाळ्या वाजवून वळले, की मागून एकटं धापा टाकत येणारं पोर त्यांच्यासमोरून जाताना ते घंटा पुन्हा, हलक्या हाताने हलवायचे. वरिष्ठांनी एकदा हटकलं तेव्हा म्हणाले होते, "सर, त्यालाही कळू दे की. एकच राहिली म्हणून."

येसाजीराव उठून उभे राहिले. गुडघे कुरकुरले. शेवटचा येईपर्यंत पंचाने बसायचं नाही, हाही अप्पांचाच नियम. आश्लेषाही ताठ उभी राहिली. पडद्यावर बिस्किटांची जाहिरात लागली. एक हसरं कुटुंब टेबलाभोवती बसलं होतं. त्यांच्या पलीकडे कुठेतरी, रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध, ती पोरगी पळत असणार होती. तिला बघणारं कुणी नव्हतं.

तेव्हा घंटा वाजली.

मोठी नाही. हलक्या हाताने. आश्लेषाने खिडकीतून पाहिलं. आई देवघरापाशी उभी होती, देवांकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून. हनुमंताची मूठ तिच्या बोटांत होती. इतके दिवस मुकी राहिल्याने पहिला टोला जरा बसका निघाला. दुसरा स्वच्छ आला. तो खिडकीच्या गजांतून बाहेर आला, व्हरांड्यातून गल्लीत गेला. समोरच्या घरी कुणीतरी दार उघडून पाहिलं, या भलत्या वेळी कसली आरती म्हणून.

आई थांबली. नाद मात्र बराच वेळ थांबला नाही.

दमलेल्या पोरीला एक फेरी घ्यायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ ते तिघं तसेच उभे राहिले. येसाजीरावांचे हात दोन्ही बाजूंना सरळ होते आणि मास्क डोळ्यांखाली ओला झाला होता. जाहिरात संपून दुसरी लागली, दुसरी संपून तिसरी. त्यांनी पडद्याकडे पाहिलंही नाही.

"आली?" आईने विचारलं.

येसाजीरावांनी मान वर केली. या वेळी ते ओरडले नाहीत. "आली, वैनी. नीट पोचली."

ते स्टूल बगलेत घेऊन गेले. फाटकाची कडी त्यांनी हळूच लावली. आश्लेषाने टीव्ही बंद करून पुन्हा भिंतीशी सरळ केला, खांद्यावरचा पंचा झटकून त्यावर घातला आणि वळून पाहिलं तर आई देवघरापाशी नव्हती.

ती बाहेर, पायरीवर बसली होती. शेजारी पाण्याचा तांब्या, वाटीत भिजवलेली चिंच. घंटा आज घराबाहेर गेलीच नव्हती. तरी आई ती मांडीवर आडवी धरून घासत होती. मुठीवरच्या हनुमंताच्या पाठीपासून खालच्या काठापर्यंत, सावकाश, मैदानावरून आलेली धूळ निघावी तशी.