शेवटच्या पानावरची मुलगी

"ती असं म्हणायची नाही," मास्तर म्हणाले आणि माझ्या कादंबरीच्या शेवटच्या पानाचं प्रूफ त्यांनी माझ्यापुढे सरकवलं.

मास्तर म्हणजे छापखान्यातले सगळ्यात जुने कंपोझिटर. लेखकांच्याही चुका काढायचे, म्हणून मास्तर. प्रुफांची वाट पाहत मी तासन्‌तास त्यांच्याशेजारी बसायचो. त्यांचे हात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि तोंड गप्पा मारायचं. त्यांच्या मुलीने पसंत केलेल्या मुलाला त्यांनी दारातून हाकललं, त्याच दिवशी ती घर सोडून गेली. सहा वर्षांत पत्र नाही. हे त्यांनी असंच बोलता बोलता सांगितलं होतं. मी ते सगळंच्या सगळं कादंबरीसाठी उचललं. शेवटी फक्त मुलीला घरी परत आणलं, आणि काय आपली कल्पनाशक्ती म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. ही पानं खिळा खिळा वेचून जुळवणार कोण, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

"मास्तर, मी आधी विचारायला हवं होतं."

"हवंच होतं. दोन दिवस रागाने जेवलो नाही मी. ते राहू द्या. पण हे काय, 'बाबा, मला माफ करा'? मरेल, पण माफी मागणार नाही. माझीच पोरगी आहे ती."

"मग काय म्हणेल?"

मास्तरांनी बोटांवरची शाई पुसली. "'भूक लागलीय' म्हणेल. आणि मी काही बोलायच्या आत सरळ स्वयंपाकघरात जाईल."

मी माझं वाक्य खोडलं. याला चाळीस वर्षं झाली. त्यांच्या त्या वाक्यासाठी लोक अजून पत्रं लिहितात, सुचलं कसं म्हणून विचारतात, आणि मी लबाडासारखा नुसता हसतो.

पुस्तक बांधून आलं त्या दिवशी मास्तरांनी हात स्वच्छ धुतले आणि एक प्रत मागितली.

"तिच्यासाठी. पत्ता नाही माझ्याकडे, पण असू दे घरात. तुम्ही चार शब्द लिहून द्या."

मी पेन उघडलं, 'प्रिय' एवढं लिहिलं आणि थांबलो. कादंबरीत तिला मी चांगलं शोधून नाव दिलं होतं. खरं नाव कधी विचारलंच नव्हतं.

मास्तर माझ्याकडे पाहत होते. त्यांनी हलकेच मुलीचं नाव सांगितलं, आणि मी ते नीट लिहितोय ना हे बघायला चष्मा चढवला.