एक किलोवॅटचे आठशेसाठ

काळेवाडीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये गुरुवारी सकाळी दोनशे माणसं हात जोडून बसली होती. गुरुवार म्हणजे आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांची सुट्टी आणि तेजोनाथ महाराजांचाही वार. सोय उत्तम होती.

"आत किती?" महाराज गरजले.

"एक!" गर्दी ओरडली.

"बाहेर किती?"

"आठशेसाठ!"

ओट्यावर तांब्याची हंडी, हंडीत विजेची कॉइल आणि मागे भिंतीवर दोन मीटर. डाव्याचा काटा एक किलोवॅटवर, उजव्याचा आठशेसाठवर. उजव्याच्या काचेवर कुंकवाचा भलामोठा टिळा.

"तुमच्या कंपनीत एक टाकलं तर पाऊण निघतं, पाव घासाघाशीत जातं," महाराज म्हणाले. "माझ्या हंडीत एक टाका, आठशेसाठ घ्या! एक वीजवाल्यांचा, उरलेले आठशे एकोणसाठ रोग्याच्या अंगात!"

माणूस हुशार होता. लिंबू-अंगाऱ्याला हसणारे आमच्याकडे पुष्कळ. पण मीटरच्या काट्यापुढे सगळे मान तुकवतात, कारण आठवडाभर काट्याकडे बघूनच काम करायचं असतं. मी कंपनीत मीटर दुरुस्त करतो. त्यामुळे काट्यांवर माझा विश्वास सगळ्यांत कमी.

मी आलो होतो ज्योतीरामसाठी. तो बीडकडचा, आमच्याच कंपनीत भट्टीवर. त्याची बायको सावित्रीबाई हिला क्षय झाला होता. दवाखान्यात सुया चालू होत्या. महाराजांच्या सांगण्यावरून दोन महिन्यांपूर्वी त्या बंद झाल्या, आणि गेल्या आठवड्यात खोकल्यातून रक्त पडलं.

"वहिनींना दवाखान्यात ने," मी पुन्हा म्हणालो.

"मुकुंदराव, माणूस खोटं बोलंल. काटा कसा बोलंल?"

पुढच्या रांगेत सावित्रीबाई हंडीतलं पाणी भरलेल्या घमेल्यात पाय सोडून बसल्या होत्या. गाल बसलेले, ओठ कोरडे. मला भयंकर राग आला.

पण माझी नजर त्या टिळ्यावरून हटेना. खंडेनवमीला आम्हीही मशीनला कुंकू लावतो, पण तिच्या अंगाला. मीटरच्या काचेला कुणी लावत नाही. मग रीडिंग कसं घेणार? मी रुमाल काढून ओट्यावर चढलो.

"हात लावू नका! तेज भ्रष्ट होईल!" महाराज किंचाळले. त्यांचा शिष्य धावून आला.

ज्योतीराम मध्ये पडला. "काच पुसल्यानं मीटर बिघडत न्हाई, महाराज. आमी रोज पुसतो."

कुंकवाखाली अक्षरं छापलेली होती. ज्योतीरामनंच ती मोठ्यानं वाचली, "किलोकॅलरी, दर तासाला."

"हे दोन्ही मीटर एकच गोष्ट मोजतात," मी लोकांना म्हणालो. "कॉइलला किती वीज जाते ते. डावा ती किलोवॅटमध्ये सांगतो, उजवा तिची उष्णता किलोकॅलरीत. एक किलोवॅट म्हणजे तासाला आठशेसाठ किलोकॅलरी. माझ्या घरच्या हीटरचंही तेच. एक डझन केळी आत नेली आणि बारा केळी बाहेर आणली. वाढलं काय?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"शंकेखोराला तेज दिसत नाही!" महाराज म्हणाले.

"हाताला तर लागेल? हंडीत वीस लिटर पाणी. कॉइल लावून अर्धा तास झाला. खरंच आठशेसाठ किलोवॅट निघाले असते, तर हे पाणी आठ सेकंदांत उकळलं असतं." मी बटण बंद केलं, प्लग काढला. "ज्योतीराम, घाल हात."

त्यानं घातला. "कोमट हाय," तो म्हणाला.

सावित्रीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "भावजी, मग माझ्या अंगात काय गेलं?"

"काही नाही, वहिनी. पाय शेकले, एवढंच."

"आन् सुया?"

"त्या म्याच बंद केल्या," ज्योतीराम म्हणाला. "इतकी वर्षं काटे बघतो, पर खाली काय लिवलंय ते बघितलं न्हाई."

सावित्रीबाईंनी घमेल्यातून पाय काढले आणि त्या ओल्या पायांनीच उठल्या. "चला. दवाखाना बाराला बंद हुतो."

महाराज तोवर उजवा मीटर भिंतीवरून उतरवत होते. तो कुठल्यातरी भट्टीच्या पॅनलवरून चोरून आणलेला असावा, हा माझा संशय अजून फिटलेला नाही.

डॉक्टरांनी नवं कार्ड काढलं. उपचार पुन्हा पहिल्या दिवसापासून. मधल्या दोन महिन्यांत छाती किती पोखरली ते त्यांनी सांगितलं नाही, आणि ज्योतीरामला विचारायचा धीर झाला नाही.

मला महाराजांचा राग आहेच. पण आमचा जास्त येतो. गेज, मीटर, थर्मामीटर हाताळणारी दोनशे माणसं, आणि एकानंही विचारलं नाही, "आठशेसाठ काय?" म्हणून सांगतो, कुणी आकडा दाखवून तुमच्या माणसाचं औषध बंद करायला सांगितलं, तर तो कशात मोजलाय ते आधी विचारा. उत्तर देण्याऐवजी सांगणारा चिडला, तर आपल्या माणसाचा हात धरा आणि तडक दवाखाना गाठा. तिथे उशीर झालेला चालत नाही.