तुर्बोर्गच्या माशाच्या वड्या

त्या हिवाळ्यात माझं डोकं फारसं दुखलं नाही, आणि शेवटी त्याचाच मला घोर लागला. एरवी सूर्य उगवतच नाही असे अंधाराचे महिने लागले की अर्धशिशी आठवड्याला ठरलेली. मागच्या हंगामात मी बोट चालवत असतानाच डोळ्यांपुढे नागमोडी रेघा चमकल्या आणि होकायंत्राचा डावा अर्धा भाग दिसेनासा झाला. माझ्या नवऱ्याने, यूस्टाइनने, सुकाणू हातातून काढून घेतलं. "डोकं शांत राहिलं तरच पुढच्या वर्षी ये," तो म्हणाला.

म्हणून मी शहरातल्या रुग्णालयाच्या चाचणीत नाव दिलं. अर्धशिशीच्या शेकडो बायका. अर्ध्यांना ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या, अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या, पण नुसत्या तेलाच्या. कोणाला कुठल्या, हे गोळ्या देणाऱ्या परिचारिकेला, गुन्वोरलाही माहीत नव्हतं. अट होती ती कॉड लिव्हर ऑइल आणि माशाची कलेजी न खाण्याची, कारण त्यांतही तेच जीवनसत्त्व भरपूर असतं.

माझ्या गोळ्या खऱ्याच आहेत, असं मी धरून चालले होते.

मग कॉड माशांचे थवे किनाऱ्याला लागले, मासेमारीचा हंगाम आला, आणि रविवारी आम्ही सासूकडे, तुर्बोर्गकडे, जेवायला गेलो. उकडलेला मासा, गाबोळी, कांद्यात शिजवलेली कलेजी. कलेजीचं भांडं मी तसंच पुढे सरकवलं.

"घे की गं! केवढे नखरे!"

"तुर्बोर्ग, तुला सांगितलंय ना, चाचणी संपेपर्यंत नाही."

"चाचणी म्हणे! हिवाळाभर माझ्या माशाच्या वड्या चापल्यास, तेव्हा कुठे गेली होती चाचणी?"

"वड्यांत काय होतं?"

"कलेजी. मी वाटून घालायचे. तोंड कसं पांढरंफटक झालं होतं तुझं."

"आई!" यूस्टाइन ओरडला.

"आई काय? थांबलं की नाही हिचं डोकं?"

मी ताट बाजूला सारलं. गोळ्यांनी थांबलं, वड्यांनी, की यंदा आपोआपच? बोट मंगळवारी निघणार होती. खरं सांगितलं तर चाचणीतून काढतील, गोळ्या बंद होतील, आणि त्या खऱ्या असतील तर भर समुद्रात डोकं उठेल.

सोमवारी सकाळी मी रुग्णालयात फोन केलाच.

गुन्वोरने ऐकून घेतलं आणि सुस्कारा सोडला. "आई की सासू?"

"सासू."

"तू पहिली नाहीस बाई. एकीच्या आईने पावाच्या पिठात कॉडचं तेल मळलं होतं."

"मला काढणार?"

"छे. नोंद करू, रक्त तपासू. गोळ्या चालू ठेव, वड्या बंद."

"पण मग डोकं कशाने थांबलं होतं?"

"एका बाईवरून कळत नाही, एल्ड्रिड. म्हणून तर इतक्या जणी घेतल्यात."

"मला माझ्या एकटीचंच कळायला हवंय."

"ते या चाचणीतून नाही मिळायचं," ती म्हणाली. तिला खरंच वाईट वाटतंय, हे आवाजावरून कळत होतं.

मंगळवारी मी बोटीवर चढले, पण मागे, जाळ्यांपाशी. सुकाणू मीच नको म्हटलं. यूस्टाइनने दोनदा विचारलं, मग स्वतःच सुकाणूवर गेला.

पहिला दिवस नीट गेला, दुसराही. पण त्यावरून काही ठरत नव्हतं. ड जीवनसत्त्व शरीरात आठवडेच्या आठवडे साठून राहतं. वड्यांतलं संपेल तोवर एप्रिल उजाडेल, आणि एप्रिलमध्ये ऊन अंगावर पडून तेच जीवनसत्त्व अंगात तयार व्हायला लागेल. मग डोकं शांत राहिलं, तरी ते कशाने, हा प्रश्न उरणारच.

"काय हिशेब चाललाय?" यूस्टाइनने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं, आणि जाळं ओढायला लागले.